बाजारतळ, जकात आणि वरून येणारा पैसा



गेल्या महिन्यात ग्रामसंघाची बैठक संपत आली होती. हप्ते जमा झाले होते, इतिवृत्त लिहून झालं होतं, सह्या चालू होत्या. तेवढ्यात भाजी विकणाऱ्या गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "तालुक्याला बाजारतळावर नगरपालिका इमारत बांधणार म्हणत्यात. सरकारकडं पैसं मागितल्यात. मग आमी बसायचं कुठं?" कुणाजवळच उत्तर नव्हतं. मागून दुसरी एक बाई म्हणाली, "पर मागायला कशाला जायचं? दर बाजारी आपली पावती फाडत्यात, त्ये पैसं जात्यात कुठं?"

सगळ्या हसल्या. पण घरी जाताना आम्हा समन्वयक ताईंच्या डोक्यात तो दुसरा प्रश्नच घोळत राहिला. आमच्यापैकी दोघींचा बी.ए.ला इतिहास होता. तो परीक्षेपुरताच होता, खरं सांगायचं तर. या निमित्तानं पुस्तकं पुन्हा काढली, थोडं वाचनालयात बसलो, थोडं जाणत्या माणसांना विचारलं. गावाचा बाजार सुधारायला पैसा कुठून येत गेला आणि त्यापायी बाजारात कुणी बसायचं हे कसं ठरत गेलं, ते आज सांगतो.

सुरुवात करू १८५० पासून. त्या साली इंग्रज सरकारनं एक कायदा केला. एखाद्या गावच्या रहिवाशांनी अर्ज केला तर त्या गावात नगरपालिका स्थापन करता येई. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या नगरपालिका त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या आहेत. पुण्याची नगरपालिका १८५७-५८ च्या सुमाराची. रस्ते, दिवाबत्ती, गटारं, साफसफाई ही कामं नगरपालिकेनं करायची आणि त्यासाठीचा पैसा गावातूनच उभा करायचा, असा सरकारचा हिशेब. सरकारची त्यात सोय होती, हे वेगळं सांगायला नको.

गावातून पैसा उभा करायचे मुख्य रस्ते दोन. एक घरपट्टी, दुसरी जकात. घरपट्टी दारात येऊन मागतात, त्यामुळे ती डोळ्यांवर येते, भांडणं होतात. शिवाय ज्यांची मोठी घरं, तेच नगरपालिकेत सदस्य. आपल्याच घरावरची पट्टी कोण वाढवणार? जकातीचं तसं नव्हतं. गावात विकायला येणाऱ्या धान्यावर, तुपावर, साखरेवर, सरपणावर वेशीपाशी कर घ्यायचा. व्यापारी तो मालाच्या किमतीत मिळवायचा आणि शेवटी पीठ-मीठ विकत घेणारीच्या पदरातून तो जायचा. तिला कुणी पावती देत नव्हतं, त्यामुळे आपण कर भरला हे तिला कळतही नव्हतं. म्हणून नगरपालिकांना जकात आवडायची. आमच्यातल्या काहींना लहानपणचा जकात नाका अजून आठवतो: रस्त्यावर आडवा बांबू, शेजारी पत्र्याची खोली, आणि ट्रकची रांग.

१८८२ साली मे महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी ठराव काढला की गावांचा कारभार गावच्या लोकांनी निवडलेल्या माणसांनी करावा. त्यातून लोकांना राज्यकारभाराचं शिक्षण मिळेल, अशी त्यांची कल्पना. लागोपाठ १८८४ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि निवडून आलेल्या सदस्यांची संख्या वाढली. पण मत कुणाला? ठराविक कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला. बाजारात जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या बाईचा तिथं काही संबंध नव्हता. सदस्यांत बाई तर एकही नव्हती.

आता पुण्याच्या मंडईची गोष्ट सांगतो. आमच्या मते या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

त्या काळी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. उघड्यावर, उन्हापावसात, आपल्या आठवडी बाजारासारखाच. नगरपालिकेनं ठरवलं की शुक्रवार पेठेत मोठी, छपराची, पक्की मंडई बांधायची. खर्च लाखांच्या घरात. त्या काळचे लाख, लक्षात घ्या. आठ बाजूंचा उंच मनोरा, त्यातून चहूकडे निघालेले लांब लांब सोपे, अशी ती दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली आणि तिला त्या वेळच्या गव्हर्नरचं नाव दिलं: रे मार्केट.

या खर्चाला विरोध करणाऱ्यांत एक सदस्य होते जोतीराव फुले. १८७६ साली सरकारनं त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमलं होतं. हा माणूस स्वतः बांधकामाची कंत्राटं घेतलेला. चुना, दगड, मजुरी, सगळ्याचा भाव त्यांना पाठ असणार. इमारत कशी उभी राहते आणि त्यात पैसा कुठे मुरतो हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल. त्यांचं म्हणणं असं की एवढा पैसा असेल तर तो आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. त्याच सुमाराची दुसरीही एक हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. व्हाइसरॉयच्या स्वागताच्या शोभेसाठी हजार रुपये मंजूर करायचा विषय सभेपुढे आला, तेव्हा विरोधात हात वर करणारे जोतीराव एकटेच होते. हजार रुपये मुलांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांनी सुचवलं. ठराव अर्थातच मंजूर झाला.

१८८२ मध्येच हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. त्याचा गाभाही हाच होता. सरकारच्या तिजोरीतला पैसा शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो, हा अन्याय आहे, असं त्यांनी मांडलं. पैसा कुणी भरला आणि लाभ कुणाला झाला, हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवून बघायचे. आपल्या गटाच्या नोंदवहीत आपण हेच करतो की नाही?

पुढे काय झालं? १९३० नंतरच्या दशकात आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांच्या पुढाकारानं रे मार्केटचं नाव बदलून महात्मा फुले मंडई ठेवलं गेलं. ज्या माणसानं त्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, त्याचंच नाव इमारतीला! आम्हाला हे वाचून पहिल्यांदा हसू आलं. मग वाटलं, अगदीच चूक नाही. मंडई आजही चालू आहे, हजारो बायाबापड्यांचं पोट तिच्यावर चाललं आहे. तेव्हा मंडई बांधली ते वाईट झालं, असं आमचं म्हणणं नाही. जोतीरावांना भाजीवाल्यांचं छप्पर खुपत होतं असंही कुणी समजू नये. पैसा थोडा असताना पहिला मान कशाला द्यायचा, हा त्यांचा प्रश्न होता. आणि तो भर सभेत, मंजुरीच्या आधी विचारलेला होता, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट मात्र तेव्हा होती, जी आता राहिलेली नाही. पुण्याचा वाद गावातल्या गावात चालला. खर्च करायचा की नाही याचा निर्णय पुण्याच्या सभागृहात होत होता. आज आपल्या तालुक्याच्या बाजारतळाचा निर्णय निम्मा मुंबईत होतो, कधी दिल्लीत. हे कसं झालं ते आता बघू.

स्वातंत्र्यानंतर १९६५ साली महाराष्ट्रानं सगळ्या नगरपालिकांसाठी एक कायदा केला. आजही कारभार त्यावरच चालतो. जकात चालूच होती. लहान नगरपालिकांचा तोच मोठा आधार. पण नाक्यावर गाड्या खोळंबतात, पावती न फाडता पैसे घेतले जातात, व्यापाऱ्यांना जाच होतो, अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. शेवटी १९९९ साली राज्य सरकारनं नगरपालिकांची जकात बंद केली. मोठ्या महानगरपालिकांत ती आणखी बरीच वर्षं राहिली. मुंबईत तर २०१७ साली जीएसटी आल्यावर गेली. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात मात्र बांबू तेव्हाच उचलला गेला.

जकात गेली त्याबदली सरकार नगरपालिकांना सहायक अनुदान देऊ लागलं. पण ते अनुदान येतं आणि कामगारांच्या पगारात जातं, अशीच बहुतेक लहान नगरपालिकांची तऱ्हा. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली अर्धवट. राहिली आपली बाजाराची पावती. तिचा तर ठेका दिलेला असतो. ठेकेदार वर्षाची रक्कम नगरपालिकेला भरतो आणि मग आपल्याकडून वसूल करतो. "त्ये पैसं जात्यात कुठं" या प्रश्नाचं उत्तर असं आहे, मावशी. त्या पैशातून झाडलोट निघाली तरी पुष्कळ, इमारत काही उभी राहत नाही.

म्हणून मागावं लागतं. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. आपण दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये बचत करतो, ती आपली. तिच्यातून कुणाला किती द्यायचं हे आपण गोल करून बसून ठरवतो. बँकेचं कर्ज घेतलं की बँक विचारते, कशासाठी? शेळीसाठी घेतलं तर शेळीच दाखवावी लागते. नगरपालिकेचंही तसंच. घरपट्टीचा पैसा तिचा बचतीचा, योजनेचा पैसा तिचा बँकेचा. फरक एवढाच की बँकेत आपण आपली गरज सांगून कर्ज मागतो, तर नगरपालिका पुष्कळदा योजना कुठली निघाली आहे ते आधी बघते आणि त्या मापाची गरज शोधते. हे आमचं मत आहे, कुणाला पटणार नाही कदाचित. पण ज्या गावात प्यायचं पाणी चार दिवसांआड येतं तिथं चौकात रंगीत कारंजं आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

योजनांची नावंही काळाप्रमाणे बदलत गेली. १९७९-८० मध्ये केंद्र सरकारनं लहान आणि मध्यम शहरांच्या विकासाची योजना काढली. खेड्यातली माणसं थेट मुंबई-पुण्याकडे धावू नयेत म्हणून मधल्या गावांत बाजार, रस्ते, दुकानं करायची, असा विचार त्यामागे होता. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या नावानं शहरांची मोठी योजना सुरू झाली. तिच्याबरोबर लहान शहरांसाठी वेगळी शाखा होती आणि तिच्यात सर्वसाधारण वाटणी अशी: शंभरातले ८० रुपये केंद्राचे, १० राज्याचे, १० नगरपालिकेनं स्वतः घालायचे. पैशासोबत अटी आल्या. हिशेब नव्या पद्धतीनं ठेवा, घरपट्टीची आकारणी सुधारा, पाण्याचा खर्च पाणीपट्टीतून काढा. २०१० साली महाराष्ट्राला ५० वर्षं झाली, तेव्हा राज्यानं स्वतःचं नगरोत्थान अभियान काढलं. २०१५ मध्ये अमृत योजना आली, तिचा भर पाणी आणि सांडपाण्यावर.

त्या दहा रुपयांवर जरा थांबू या. ऐकायला लहान वाटतात. पण ज्या नगरपालिकेची तिजोरी पगारात संपते, ती काही कोटींच्या कामातला आपला हिस्सा आणणार कुठून? मग रस्त्याकडेला पक्के गाळे बांधायचे, त्यांचा लिलाव करायचा, अनामत घ्यायची, भाडं लावायचं. प्रत्येक तालुक्याच्या गावात नगरपालिकेचं असं एक व्यापारी संकुल असतंच. त्यातले निम्मे गाळे कुलूपबंदही असतात, तो भाग वेगळा. गाळ्याची अनामत आपल्या अख्ख्या गटाच्या वर्षाच्या बचतीहून मोठी असते. टोपली घेऊन येणारी बाई त्या लिलावात बोली लावू शकत नाही. कुणी तिला मुद्दाम हाकलतं असं नाही, पैशाच्या हिशेबातच तिची जागा बसत नाही. आमच्या तालुक्याच्या प्रस्तावात खाली गाळे आहेत, वर सभागृह आहे, पुढं वाहनतळ आहे. ओटे किती आहेत ते आम्ही विचारलं, तर "आराखड्यात नंतर बघू" असं उत्तर मिळालं.

हे "नंतर" फसवं असतं. अशा प्रस्तावाचा प्रवास एकदा समजून घ्या. आधी नगरपालिकेच्या सभेत ठराव होतो. मग सल्लागार नेमून आराखडा आणि अंदाजपत्रक करतात. मग अभियंत्यांची तांत्रिक मान्यता, मग शासनाची प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम झालं की पैसा ठरल्या कामालाच लागला असं उपयोगिता प्रमाणपत्र नगरपालिका वर पाठवते. प्रशासकीय मान्यता मिळाली की कागदावर जे आहे तेच बांधायचं असतं. ओटे कागदावर नसतील तर मुख्याधिकारी साहेब कितीही भले असले तरी ते ओटे बांधू शकत नाहीत. म्हणजे बोलायचं ते ठरावाच्या आणि आराखड्याच्या वेळी. जोतीरावांनी विरोध केला तोही खर्च मंजूर व्हायच्या आधी, हे आम्ही मघाशी मुद्दाम सांगितलं ते याचसाठी.

बोलायला आता सभागृहात बाया आहेत. १९९० साली महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायांसाठी ३० टक्के जागा राखल्या. १९९३ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि एक तृतीयांश जागा देशभर पक्क्या झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. आम्ही तालुक्याच्या दोन नगरसेविकांना भेटलो. दोघींनीही ऐकून घेतलं, चहा दिला. एकीनं मोकळेपणानं सांगितलं, "ताई, तुमच्या बाया आमच्या मतदार नाहीत हो."

बोचलं, पण खरं आहे. आपण गावाकडच्या. आपलं मत आपल्या ग्रामपंचायतीला. बाजार मात्र तालुक्याचा. तिथं पावती आपण भरतो, मत दुसरं कुणी देतं. १८८४ मध्ये पुण्याच्या भाजीवालीला जसं मत नव्हतं, तशीच या एका बाबतीत आपली गत आहे.

तरीही कायद्यात आपल्यासाठी एक दार आहे. २०१४ साली संसदेनं पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्याप्रमाणे प्रत्येक नगरपालिकेत नगर पथविक्रेता समिती हवी. तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांच्यात एक तृतीयांश बाया. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही. दुसरीकडे हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस हवी. आणि याच कायद्याच्या जोडपत्रात असं म्हटलं आहे की ज्या पारंपरिक बाजारात विक्रेते ५० वर्षांहून जास्त काळ बसत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. २०२० मध्ये फेरीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज देणारी स्वनिधी योजना निघाली. तिच्यातही आसपासच्या खेड्यांतून शहरात विकायला येणाऱ्यांना, नगरपालिकेचं शिफारसपत्र असेल तर, धरलेलं आहे. खेड्यातली बाई तालुक्याच्या बाजारात परकी नाही, हे सरकारी कागदानंच मान्य केलं आहे.

आपला बाजारतळ ५० वर्षांहून जुना आहे हे कुणीही सांगेल. पण सांगून चालत नाही, कागद लागतो. समितीनं शिफारस करायची आणि नगरपालिकेनं ठरवायचं, असा तो मार्ग आहे. आमच्या तालुक्यात ती समिती कागदावर आहे की खरोखर बसते, हे विचारायला आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आहे. दहा रुपयांचा तिकिटाचा अर्ज. त्याच अर्जात बाजारतळाच्या ठरावाची आणि आराखड्याची नक्कलही मागितली आहे. उत्तर आलं की याच कार्यक्रमात वाचून दाखवू.

तोवर आपण आपला कागद गोळा करतो आहोत. प्रत्येक गटानं एक वही घातली आहे: नाव, गाव, काय विकते, कुठल्या बाजूला बसते, सासू बसायची का, तिची सासू बसायची का. जुन्या पावत्या असतील तर त्यांचे फोटो. पावती कुणी जपून ठेवत नाही हे आम्हालाही माहीत आहे. तरी घरात शोधा. रेशनकार्डाच्या पिशवीत, देवाच्या कोनाड्यात, जुन्या पत्र्याच्या पेटीत.

एका आजींकडे तारेला टोचून ठेवलेला पावत्यांचा झुबकाच निघाला. आजी आता बाजाराला जात नाहीत, सून जाते. सगळ्यात तळाच्या पावतीवर पंचवीस पैसे छापलेलं आहे, नगरपालिकेचा गोल शिक्का आहे, पण नेमकी तारखेवरच तार घुसली आहे. वरच्या पावतीची तारीख लागली, त्याच्याखालच्या दोन ओलीनं चिकटल्या आहेत. आजी म्हणाल्या, ओढू नका, फाटंल. वाचनालयातल्या सरांनी त्या वाफेवर सोडवून बघू म्हटलं आहे. येत्या बाजाराच्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक उतरल्यावर, पिंपळाखाली आम्ही वह्या घेऊन बसणार आहोत. ज्यांच्याकडे काही सापडेल त्यांनी घेऊन या.